घाणा सुरू झाला की एलसीडीवर अगम्य अक्षरे का उमटतात?

माझ्या मामांचे करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. तिथला गुळव्या आजही पाण्यात पाकाचा थेंब टाकून गोळी जमते का ते पाहतो आणि मगच काहील (रस उकळण्याची मोठी कढई) उतरवतो. त्याच्या अंदाजावर माझा पूर्ण विश्वास आहे. परंतु साधारण ११५ ते १२० अंश सेल्सिअसच्या त्या अरुंद पट्ट्यात पाक केव्हा शिरतो हे आकड्यांतही दिसावे, म्हणजे नव्या पोरांना शिकवताना उपयोग होईल, अशी मामांची इच्छा होती. म्हणून मी आर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), के प्रकारचे थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी), त्याचे मोजमाप आर्डुइनोला आकड्यांत देणारे मॅक्स ६६७५ चे मॉड्यूल आणि नेहमीचा १६ बाय २, म्हणजे सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा, एलसीडी डिस्प्ले घेऊन तापमान दाखवणारी पेटी तयार केली. कोल्हापुरात राजारामपुरीतील माझ्या खोलीत ती आठवडाभर बिनचूक चालली. गुऱ्हाळात बसवल्यावर मात्र रोज तीच तक्रार येऊ लागली, आणि मामांनी ती फोनवर एका वाक्यात सांगितली: "सकाळी बरं असतंय बघ, पण घाणा सुरू केला की अक्षरं बिघडत्यात."

रोगाचे निदान त्याच वाक्यात होते, पण ते मला दहा दिवसांनी उमगले. तोवर मी प्रोग्राम तीनदा नव्याने लिहिला, लायब्ररी (डिस्प्ले चालवणाऱ्या तयार आज्ञांचा संच) बदलली आणि डिस्प्लेही बदलला. तसे कोणाला करावे लागू नये म्हणून काय तपासले, काय निष्फळ ठरले आणि शेवटी कशाने गुण आला ते येथे क्रमाने मांडत आहे.

प्रोग्रामला हात लावण्यापूर्वी काचेकडे नीट पाहावे. या डिस्प्लेमध्ये हिताचीच्या एचडी ४४७८० या नियंत्रकाचा किंवा त्याच्या बरहुकूम बनवलेल्या दुसऱ्या एखाद्या चिपचा उपयोग केलेला असतो, आणि बिघाड कुठल्या पायरीवर आहे ते त्याची काच बऱ्यापैकी स्पष्टपणे सांगते. मागचा दिवा लागला याचा अर्थ डिस्प्ले चालू झाला असा अनेक जण घेतात. तो बरोबर नाही, कारण दिव्याच्या १५ आणि १६ क्रमांकाच्या पिना नियंत्रकापासून स्वतंत्र असतात आणि दिवा लागल्याने फक्त त्या दोन तारांची खात्री पटते. दिवा आहे पण काच कोरी आहे, अशा वेळी पहिला संशय ३ क्रमांकाच्या पिनवर, म्हणजे कॉन्ट्रास्टवर घ्यावा. १० किलोओहमच्या प्रीसेटची (फिरवून बदलता येणाऱ्या रोधकाची) दोन टोके ५ व्होल्ट आणि ग्राउंडला जोडून मधले टोक या पिनला द्यायचे असते, आणि अक्षरे सहसा मधल्या टोकावर अर्धा ते एक व्होल्ट असताना उमटतात. प्रीसेट बरोबर मध्यावर ठेवला तर तिथे अडीच व्होल्ट असतात आणि काच कोरीच राहते. नवशिक्याला वाटते की डिस्प्ले मेला. मल्टिमीटर लावून तो ग्राउंडच्या बाजूला सावकाश फिरवत जावे.

वरच्या ओळीत सोळा काळे चौकोन आणि खालची ओळ कोरी असे दिसले, तर ती बातमी अर्धी चांगली आहे. वीज पोहोचली आहे, कॉन्ट्रास्टही जुळला आहे. पण नियंत्रकाला सुरुवातीच्या आज्ञा मिळालेल्या नाहीत. वीज मिळाल्यावर तो ८ बिट आणि एका ओळीच्या मूळ अवस्थेत जागा होतो, आणि आपला प्रोग्राम त्याला दोन ओळी सांगेपर्यंत तसाच राहतो. त्याचे कारण अनेकदा एनेबल (संदेश वाचण्याची खूण देणारी) किंवा आरएसची (संदेश आज्ञा आहे की अक्षर ते सांगणारी) तार चुकीच्या पिनवर असणे, प्रोग्राममध्ये दिलेला पिनांचा क्रम प्रत्यक्ष जोडणीशी न जुळणे किंवा ५ क्रमांकाची आरडब्ल्यू (वाचायचे की लिहायचे ते ठरवणारी) पिन ग्राउंडला जोडायची राहून जाणे, यांपैकी एक असते. सर्वाधिक वेळा आढळणारे कारण मात्र याहून साधे आहे: पिनांची पट्टी डिस्प्लेच्या छिद्रांत नुसती खोचलेली असते, सोल्डर केलेली नसते. धातू धातूला टेकलेला दिसतो, बोटाने दाबल्यावर अक्षरे येतात आणि बोट काढले की जातात. सोळाही पिनांना सोल्डरचा नीट डाग दिल्याशिवाय पुढची कोणतीही तपासणी करू नये. काही डिस्प्लेंवर दिव्याच्या दोन पिना १ क्रमांकाच्या आधी असतात, म्हणून डावीकडून मोजण्याऐवजी बोर्डावर छापलेले आकडे वाचावेत.

माझी पेटी या सर्व कसोट्यांत उत्तीर्ण होती. सकाळी आकडे स्वच्छ दिसत. घाण्याच्या, म्हणजे ऊस गाळणाऱ्या चरकाची मोटर सुरू होताना स्टार्टरचा खटका पडे आणि त्याच क्षणी तापमानाच्या जागी निरर्थक चिन्हे, अर्धवट शब्द, कधी जपानी कातकाना लिपीतील अक्षरे उमटत. हे जपानी अक्षरांचे कोडे प्रथम सोडवतो, कारण त्यामुळे काही लोक डिस्प्लेच चुकीचा मिळाला असे मानून तो परत करतात. या नियंत्रकाच्या ज्या आवृत्तीचे डिस्प्ले आपल्याकडे सर्रास मिळतात, तिच्या अक्षरकोशाच्या वरच्या अर्ध्या भागात कातकाना अक्षरे असतात. चुकीचा संकेतांक पोहोचला की तीच दिसणार. डिस्प्ले निर्दोष असतो, त्याच्यापर्यंत पोहोचलेला संदेश सदोष असतो.

संदेश सदोष कसा होतो ते समजून घेणे हाच या समस्येचा गाभा आहे. तारा वाचाव्यात म्हणून आपण डिस्प्ले ४ बिटच्या पद्धतीने चालवतो, म्हणजे प्रत्येक अक्षराचा आठ बिटचा संकेतांक दोन अर्धुकांत पाठवला जातो: आधी वरचे अर्धुक, मग खालचे. प्रत्येक अर्धुकाबरोबर एनेबलच्या तारेवर एक छोटा विद्युत ठोका दिला जातो आणि नियंत्रक ते ठोके मोजत पहिले-दुसरे, पहिले-दुसरे असे जोडीने वाचत जातो. आता एनेबलच्या तारेवर बाहेरून एक जादा ठोका घुसला, तर नियंत्रकाची मोजणी एका घराने सरकते आणि त्यानंतर तो एका अक्षराचा उत्तरार्ध पुढच्या अक्षराच्या पूर्वार्धाशी जोडू लागतो. आरडब्ल्यू पिन ग्राउंडला बांधलेली असल्याने संवाद एकतर्फी असतो; आर्डुइनोला ही घसरण कधीच कळत नाही आणि तो बरोबर संदेश पाठवत राहतो. मोजणी आपोआप जुळण्याची कोणतीही सोय यात नाही, म्हणून एकदा बिघडलेली अक्षरे सहसा वीज बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत बिघडलेलीच राहतात.

हे अनुमान पडताळण्यासाठी मी एक छोटी चाचणी केली, आणि ज्यांना ही तक्रार आहे त्या प्रत्येकाने ती करावी असे मला वाटते. प्रोग्रामच्या आरंभी डिस्प्ले सुरू करावा आणि त्यानंतर कर्सर हलवण्याची किंवा पुसण्याची एकही आज्ञा न देता, दर ५० मिलिसेकंदांनी फक्त सात हा इंग्रजी अंक छापत राहावे. डिस्प्लेच्या स्मृतीत प्रत्येक ओळीला ४० अशी ८० घरे असतात आणि शेवटचे घर भरले की लेखन आपोआप पहिल्या घराकडे वळते, त्यामुळे चार सेकंदांत दोन्ही ओळी सातांनी भरतात आणि भरलेल्याच राहतात. सात या अंकाचा संकेतांक हेक्स (सोळा पायाच्या मोजणीत) ३७ आहे. मोजणी एका घराने सरकली तर तीन-सात, तीन-सात या मालिकेतून नियंत्रक सात-तीन, सात-तीन असे वाचेल, आणि हेक्स ७३ हा छोट्या लिपीतील इंग्रजी एस या अक्षराचा संकेतांक आहे. मामांना मोटर सुरू करायला सांगितले, खटका पडला आणि पुढच्या चार सेकंदांत दोन्ही ओळींतील सात एकामागून एक एस होत गेले. तिसऱ्यांदा मोटर सुरू केली तेव्हा तेच एस पुन्हा सात झाले, कारण दुसऱ्या जादा ठोक्याने मोजणी पुन्हा जागेवर आली होती. "कधी कधी आपोआप नीट होतंय" असे मामा म्हणत होते त्याचाही उलगडा त्याच वेळी झाला.

या चाचणीत एस दिसण्याऐवजी वरच्या ओळीत काळे चौकोन आले किंवा काच कोरी झाली, तर दोष वेगळा आहे. तेव्हा मोटरच्या सुरुवातीच्या ओढीने पुरवठा क्षणभर खचलेला असतो आणि डिस्प्लेचा नियंत्रक आपली मांडणी विसरलेला असतो. उनोवरील चिप साधारण २.७ व्होल्टपर्यंत पुरवठा उतरेतो स्वतःला रीसेट करत नाही. पण ५ व्होल्टच्या नेहमीच्या डिस्प्लेचा ४.५ व्होल्टच्या खाली भरवसा धरता येत नाही. त्यामुळे आर्डुइनो काही घडलेच नाही असे समजून पुढे चालतो आणि डिस्प्ले मात्र मूळ अवस्थेत जाऊन बसतो. अशा वेळी फोनचा जुना चार्जर बाजूला ठेवून चांगला पुरवठा घ्यावा आणि डिस्प्लेच्या पिनांजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा.

माझ्या बाबतीत जादा ठोका कुठून येत होता? डिस्प्ले सर्वांना दिसावा म्हणून मी तो पेटीपासून दीड मीटर लांब, दाराच्या चौकटीवर बसवला होता आणि त्याच्या चपट्या केबलला मोटरच्या तीन फेजच्या केबलशेजारून, एकाच पट्टीने बांधून नेले होते. दिसायला ते फार नीटनेटके होते. स्टार्टरचा कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा विद्युतचुंबकी स्विच) जोडताना आणि तोडताना त्याच्या कॉइलमधून व संपर्कांतून जो तीव्र विद्युत झटका उठतो, तो शेजारच्या तारेत उतरायला एवढी जवळीक पुरेशी असते. एनेबलच्या ठोक्याला नियंत्रकाच्या लेखी मायक्रोसेकंदाच्याही अंशाइतकी रुंदी पुरते, म्हणून डोळ्यांना काय, साध्या मल्टिमीटरलाही न कळणारा झटका त्याला खरा ठोका वाटतो.

उपायांचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण मी तो उलटा केला होता. मी प्रथम प्रोग्राममध्ये दर तीस सेकंदांनी डिस्प्ले पुन्हा सुरू करण्याची आज्ञा घातली. ती लागू पडते. लायब्ररीच्या आरंभ आज्ञेत तीन हे अर्धुक ठरावीक अंतराने तीनदा पाठवलेले असते, आणि नियंत्रकाची मोजणी कुठल्याही घरात अडकलेली असली तरी त्या तीन ठोक्यांनी तो निश्चितपणे मूळ ८ बिट अवस्थेत येतो व तिथून त्याला पुन्हा ४ बिटमध्ये नेता येते. साठ-पासष्ट मिलिसेकंदांचे हे काम काचेवर केवळ पुसटसे लुकलुकते. पण अशाने फक्त बिघाडाची खूण पुसली जाते, मूळ कारण तसेच राहते. जो झटका एनेबलच्या तारेत शिरतो तो थर्मोकपलच्या तारेतही शिरू शकतो, आणि मग अक्षरे स्वच्छ दिसतात पण आकडा खोटा असतो. पाक उतरवण्याच्या क्षणी खोटा आकडा हा अगम्य अक्षरांपेक्षा अधिक घातक आहे.

म्हणून आधी तारा. डिस्प्लेची केबल मी ३० सेंटिमीटरवर आणली, म्हणजे पेटीच सोयीच्या जागी हलवली आणि डिस्प्ले तिच्या झाकणात बसवला. मोटरची केबल आणि आपल्या तारा यांत हातभर अंतर ठेवले, आणि जिथे त्या एकमेकींना ओलांडतात तिथे काटकोनात ओलांडू दिल्या. डिस्प्लेच्या १ आणि २ क्रमांकाच्या पिनांवर, अगदी सोल्डरच्या डागाला लागून, १०४ असे छापलेला १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला. हा काही रुपयांचा भाग पेटीत दूर कुठेतरी लावला तर त्याचा उपयोग जवळजवळ उरत नाही. थर्मोकपलसाठी शील्डेड केबल घेतली. एवढ्यावरच दिवसातून चार-पाच वेळा होणारा बिघाड आठवड्यातून एकावर आला. उरलेला गेला तो स्टार्टरच्या कॉइलवर झटका शोषणारा सर्ज सप्रेसर बसवल्यावर. स्टार्टरची कॉइल कधी एका फेजवर, २३० व्होल्टची असते, तर अनेकदा दोन फेजमधील ४१५ व्होल्टची, आणि सप्रेसर त्याच व्होल्टेजचा लागतो. हे काम मुख्य स्विच बंद करून जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. ज्यांची पेटी डीसी रिले चालवते त्यांनी रिलेच्या कॉइलला उलट दिशेने १एन ४००७ डायोड आहे ना, ते पाहावे. एवढे सगळे झाल्यावर दर तीस सेकंदांची ती आज्ञा मी प्रोग्राममध्ये राहू दिली आहे, केवळ अखेरची राखण म्हणून.

मध्यंतरी मी तारा कमी करण्यासाठी आयटूसीचे (दोनच तारांवर संदेश नेणाऱ्या पद्धतीचे) मॉड्यूल डिस्प्लेच्या पाठीवर लावून पाहिले होते, त्याबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण त्याने दुखणे बरे न होता बदलले. अक्षरे बिघडायची थांबली. पण एके दुपारी डिस्प्लेवर ११२ हा आकडा तसाच राहिला आणि काहिलीतला पाक पुढे चढत गेला. गुळव्याने पाण्यातली गोळी पाहून काहील उतरवली म्हणून ते आधण (काहिलीतला तो पाक) वाचले. आयटूसी ही एका बोर्डावरील किंवा एका पेटीतील चिपांनी परस्परांशी बोलण्याची रीत आहे आणि तारांची एकूण धारकता (कपॅसिटन्स) ४०० पिकोफॅरडच्या आत राहावी अशी तिची अट आहे. दीड मीटर केबलवर, मोटरच्या शेजारी, तिच्याकडून निष्ठेची अपेक्षा करणे चूक होते. झटक्याने डेटाची तार मध्येच अडकली की आर्डुइनोची वायर लायब्ररी उत्तराची वाट पाहत अनंत काळ थांबू शकते. नव्या आवृत्त्यांत या थांबण्याला मर्यादा घालण्याची सोय आहे, परंतु ती स्वतः चालू करावी लागते. मी ती चालू केली, शिवाय प्रोग्राम अडकला तर चिप रीसेट करणारा वॉचडॉग लावला, आणि डिस्प्लेच्या उजव्या कोपऱ्यात दर सेकंदाला लागणारा व विझणारा एक ठिपका ठेवला. ठिपका थांबला की आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे गुऱ्हाळात सर्वांना सांगून ठेवले आहे. जिथे कोणी आकड्यावर विसंबून काम करणार आहे, तिथे असा ठिपका असलाच पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

आयटूसी मॉड्यूल नवे असेल आणि दिवा लागूनही काहीच उमटत नसेल, तर पत्ता तपासावा. त्यावरील चिप पीसीएफ ८५७४ असेल तर पत्ता हेक्स २० ते २७ मध्ये असतो आणि बहुधा २७. चिपच्या नावापुढे ए असेल तर हेक्स ३८ ते ३एफ मध्ये आणि बहुधा ३एफ. पत्ते शोधणारा स्कॅनरचा छोटा प्रोग्राम चालवला की खरा पत्ता कळतो. पत्ता सापडला, मॉड्यूलवरचा निळा प्रीसेटही फिरवून पाहिला, तरी अक्षरे येत नाहीत, असे झाले तर लायब्ररीने गृहीत धरलेला पिनांचा क्रम आणि मॉड्यूलवरील क्रम वेगळा असतो. तेव्हा क्रम स्वतः ओळखणारी लायब्ररी वापरावी.

आर्डुइनो उनोऐवजी ईएसपी ३२ किंवा ईएसपी ८२६६ हे बोर्ड वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. त्यांच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात, आणि ५ व्होल्टवर चालणारी पीसीएफ ८५७४ किमान साडेतीन व्होल्ट असतील तरच त्याला 'एक' (म्हणजे चालू) मानते. खोलीत ते बहुधा चालते, गोंगाटाच्या जागी चालत नाही. शिवाय मॉड्यूलवरील पुल-अप रोधक (तारांना वरच्या व्होल्टेजकडे ओढून धरणारे) ५ व्होल्ट थेट ईएसपीच्या पिनांवर आणतात. मध्ये ३.३ आणि ५ व्होल्टची सांगड घालणारा लेव्हल शिफ्टर घालावा.

आकडा विचित्र दिसण्याचे आणखी एक कारण आहे, ज्याचा विद्युत गोंगाटाशी संबंध नाही. काहिलीत नवा रस ओतला आणि तापमान १०० वरून ९९ वर आले, की जुना शेवटचा शून्य पुसला न गेल्याने काचेवर ९९० दिसते. यावर प्रत्येक फेरीत संपूर्ण काच पुसणे हा उपाय अनेक जण करतात. पुसण्याच्या आज्ञेला दीड मिलिसेकंद लागतो, इतर आज्ञांना ३७ मायक्रोसेकंद, आणि सतत पुसल्याने काच लुकलुकत राहते. त्याऐवजी आकड्यानंतर दोन मोकळ्या जागा छापाव्यात. अंशाच्या चिन्हासाठी संगणकावरचे चिन्ह चिकटवू नये. कातकाना असलेल्या आवृत्तीत त्याचा संकेतांक २२३ आहे.

शेवटची तक्रार चार दिवसांपूर्वीची आहे. दुपारनंतर अक्षरांमागचे सगळे चौकोन काळवंडतात आणि आकडा वाचता येत नाही, असे मामांनी कळवले. साधारण डिस्प्ले ० ते ५० अंशांसाठी बनवलेले असतात, आणि काच तापली की तोच कॉन्ट्रास्ट तिला जास्त होतो. चुलवाणाच्या बाजूच्या भिंतीवर दुपारी ती मर्यादा सहज ओलांडली जात असणार. सध्या पेटी चरकाच्या बाजूच्या सावलीतल्या खांबावर नेली आहे, थर्मोकपलची तार तेवढी वाढवली आहे, आणि प्रीसेट तिथे दुपारी तीन वाजता, काच पूर्ण तापलेली असताना, पुन्हा जुळवला आहे. सकाळी अक्षरे किंचित फिकी दिसतात, पण वाचता येतात.